तीन सरळ डाग

आईने मला जाळलं, ही गोष्ट खरी आहे. पण सरकारी कागदावर मात्र दोन वर्षं असं लिहिलेलं होतं की मी स्वतःच स्वतःला जाळून घेतलं. त्या एका खोट्या वाक्यापायी मी एका डॉक्टरची कॉलर धरली, एका ट्रक ड्रायव्हरचे दात पाडले, घरातलं एकही मडकं धड ठेवलं नाही, आणि इतका मार खाल्ला की लढाईतही तेवढा खाल्ला नव्हता. आता वय झालं, घरचे म्हणतात जुनं काही उगाळू नका. मी उगाळणार. माझा पाय, माझी आई, मी उगाळीन नाहीतर आणखी काही करीन.

पासष्ट सालच्या लढाईत मी साधा शिपाई होतो. पंजाबच्या सरहद्दीवर उसाच्या शेतात आम्ही पालथे पडलो होतो आणि वरून गोळे येत होते. माझ्या शेजारी जो पडला होता त्याच्याशी थोड्या वेळापूर्वीच मी एका विडीवरून भांडलो होतो. गोळा फुटला, माती आणि ऊस अंगावर आला, आणि मी तोंडातली माती थुंकून त्याच्याकडे बघितलं तर त्याच्या खांद्यांच्या वर काही नव्हतं. मी त्याला शिव्या देत होतो, ऊठ म्हणत होतो. मग उठायला गेलो तेव्हा कळलं की मलाही उठता येत नाही. गुडघ्याच्या मागे बोटभर लोखंडाचा तुकडा घुसला होता. मला वाटलं कुणीतरी पाय धरून ठेवलाय, म्हणून मी मागे वळून रायफलचा दस्ता हाणला. तो माझ्याच पायावर बसला. लागला नाही.

पाय वाचला, म्हणजे कापावा लागला नाही. पण गुडघ्याखालची नस तुटली ती तुटलीच. पाऊल ओल्या फडक्यासारखं लोंबायचं. वर मांडीत आग व्हायची आणि खाली काहीच नाही. पलटणीने मला घरी पाठवलं आणि पेन्शन बांधून दिली, पण ती कायमची नव्हती. आमच्यासारख्यांना आधी दोन वर्षांपुरती देतात, मग पुन्हा बोर्डापुढे बोलावतात. बोर्ड म्हणजे तीन डॉक्टर. ते पाय बघतात, ठोकतात, टोचतात आणि अपंगत्वाचे टक्के ठरवतात. टक्के खाली गेले की पेन्शन बंद. त्यामुळे दोन वर्षं माणूस बरा होण्याची वाट बघतो आणि बरा होण्याला घाबरतोही.

आमचं गाव कळंबच्या पुढे, वस्ती गावाच्या कडेला. बाप मी लहान असतानाच गेला होता. आईने मला दुसऱ्यांच्या भातखाचरांत वाकून वाकून वाढवलं. बाई उंचीने एवढीशी, पण वस्तीत तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. छप्पन सालानंतर आम्ही धम्म घेतला तेव्हा तिने घरातले सगळे देव एका टोपलीत भरले, नदीवर नेऊन सोडले आणि टोपली धुऊन घरी आणली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पण विळा तिने सोडला नाही. आमच्याकडे पोराचं पोट फुगलं, कावीळ झाली, कुणाच्या अंगावरून वारं गेलं, की विळा चुलीत लाल करून त्याचा डाग द्यायची रीत होती, आणि वस्तीत हे काम आईकडे होतं. माझा चुलता धम्माच्या बाबतीत कडक. तो चिडायचा.

"वयनी, बुद्धाच्या घरात असलं काय चालायचं नाय."

"विळा काय देव हाय व्हय?" आई म्हणायची. "लोखंड हाय ते. भात कापतं न् वारं पन कापतं."

ती माझा पाय रोज बघायची. पोटरी वाळत चालली होती आणि पावलाचा रंग उतरला होता. लष्करी इस्पितळाने नस तुटली म्हणून सांगितलं होतं, पण आईच्या लेखी ते वारं होतं. बोर्डाचं बोलावणं आलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिने ठरवलं, आता बास. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "तुला कोन इचारतंय?"

एका दुपारी मला पालथा पाडून चुलता माझ्या खांद्यांवर बसला आणि चुलतभाऊ कमरेवर. कुरकुर करत का होईना, वहिनीचा शब्द चुलत्याने मोडला नाही. मी दोघांना शिव्या घालत होतो, एकाला चावलोसुद्धा. आईने विळा आणला. डागाचा एक नियम असतो, तो आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. डाग बसला की माणसाने बोंब मारली पाहिजे. बोंब मारली की वारं सुटलं. आईने विळ्याची पाठ पोटरीवर, जखमेच्या वणाला लागून, टेकवली. चर्रर्र आवाज झाला. जळक्या मासाचा वास आला आणि तो माझाच आहे हे कळायला मला जरा वेळ लागला. मी ओरडलो नाही. मला काही झालंच नव्हतं तर ओरडू कशाला?

आईने माझ्याकडे बघितलं. विळा पुन्हा चुलीत घातला, पुन्हा आणला, पुन्हा टेकवला.

"वरड," ती म्हणाली.

"अगं कसाईण, सोड मला."

"वरड रं!"

तिसऱ्यांदा तिने इतका वेळ दाबून धरला की चुलत्यानेच तिचा हात ओढला. मी तिला जे काही बोललो ते इथे लिहीत नाही. तिने विळा कोपऱ्यात फेकला आणि ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. मला तेव्हा वाटलं, बाईला माझी कीव नाही. आणि मनातल्या मनात थोडा तोराही होता, की बघा, पलटणीचा माणूस, तीन डाग घेतले पण हूं की चूं केलं नाही.

जखमा भरायला पावसाळा अर्धा गेला. नंतर बोर्डाची तारीख आली. मी कुबडी घेऊन आगगाडीने घाटावरच्या लष्करी इस्पितळात गेलो. तिथे तीन डॉक्टरांपैकी दोघे कागद चाळत होते, आणि तपासणारा तिसरा म्हणजे नुकतीच मिसरूड फुटलेला एक कॅप्टन होता. त्याने गुडघा ठोकला, पावलाला टाचण्या टोचल्या. मी सावधान पडून होतो, म्हणजे झोपून जितकं सावधान राहता येतं तितकं. मग त्याने मला पालथा केला आणि तो थांबला.

"ये क्या है?"

पोटरीवर तीन गुलाबी रेघा होत्या. एकाखाली एक, सारख्या अंतरावर, सारख्या लांबीच्या, सरळ.

"जलाया है, साब."

"किसने?"

"मेरी माँ ने."

तो हसला. त्याने बाकीच्या दोघांना बोलावून दाखवलं. मग मला समजावून सांगितलं, शाळेत पोराला सांगतात तसं. दुसरा कुणी जाळत असेल तर माणूस पाय ओढतो. पाय ओढला की डाग तिरका होतो, फाकतो, कातडी फाटते. इथे तर पट्टी लावून आखल्यासारखं आहे. म्हणजे हे निवांत बसून केलेलं काम आहे. म्हणजे तूच केलंस. जखम मोठी दिसावी, टक्के वाढावेत म्हणून.

"पैर में कुछ लगता नहीं, साब. इसलिये हिला नहीं."

"लगता नहीं, तो माँ ने जलाया क्यों?"

पाय हलला नाही म्हणून मी लबाड. आणि हलला असता, तर पाय चांगला आहे म्हणूनही मी लबाडच ठरलो असतो. हे माझ्या डोक्यात उजेडासारखं पडलं आणि त्यासरशी डोकं फिरलं. त्यात तो कॅप्टन कागदावर लिहिता लिहिता म्हणाला, "तेरे जैसे बहुत देखे हैं. लड़ाई से भागने के लिये भी ऐसा ही करते हैं."

मी टेबलावरून उठलो कसा ते मला आठवत नाही. त्याची कॉलर माझ्या मुठीत होती आणि त्याचं डोकं मी भिंतीवर आपटत होतो एवढं आठवतं. मग पाठीवर दंडुके पडायला लागले. पहारेकऱ्यांनी मला फरशीवरून ओढत बाहेर नेलं आणि दाराबाहेर बुटांनी तुडवलं. त्यातला एकजण लाथ घालताना नेमकी वाळलेल्या पोटरीवर घालत होता आणि मी हसत होतो. तो बिचकला आणि थांबला.

महिन्याभराने कागद आला. जखम स्वतः केलेली, वर्तन बेशिस्त, पेन्शन बंद.

पैशांचं सोडा. पैसे नव्हते तेव्हाही आम्ही जगत होतो. पण ते वाक्य माझ्या आधी सगळीकडे पोचायला लागलं. साजगावकडच्या एका कारखान्यात वॉचमन पाहिजे होता आणि माजी सैनिक असेल तर लगेच घेत होते. मी गेलो. तिथल्या साहेबाने माझे कागद मागितले, वाचले आणि घडी घालून परत दिले. म्हणाला, स्वतःचा पाय जाळणारा माणूस आमच्या गेटवर नको. गावात वरच्या आळीत पोरांनी नवीन खेळ काढला होता. मी दिसलो की एकजण लंगडत चालायचा आणि दुसरा ओरडायचा, "पळ रं, गोळा आला!" एकाला मी कुबडी फेकून मारली. त्याचा बाप घरी भांडायला आला, तर आई दारात कोयता घेऊन उभी राहिली. बाप गेला.

शेवटी चौकला हायवेवर एका गॅरेजात बसून करायचं काम मिळालं, टायरचे पंक्चर काढायचं. शेजारी ढाबा होता. एक ड्रायव्हर तिथे रोज जेवायचा, आमच्याच तालुक्यातला. एकदा भर गर्दीत तो म्हणाला, "ह्यो काय सैनिक? ह्यानं चुलीत पाय घातला न् घरी आला." सगळे हसले. मी हातातली टायर काढायची लोखंडी पट्टी घेतली आणि त्याच्या तोंडावर मारली. एकदाच. दात त्याच्या ताटात पडले, डाळीत. मग त्याच्याबरोबरचे दोघे माझ्यावर तुटून पडले, मग पोलीस आले, मग पोलिसांनी वेगळं मारलं. गॅरेज गेलं. मला त्या ड्रायव्हरचं वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

घरी आलो तेव्हा एक डोळा बंद होता. आईने हळद लावायला हात पुढे केला. मी तिचा हात झिडकारला आणि समोरच्या उतरंडीला कुबडी घातली. मडकी फुटली, तांदूळ सांडले, मी फोडतच राहिलो. आईला तोपर्यंत मी एवढंच सांगितलं होतं की पेन्शन बंद केली. का बंद केली ते सांगितलं नव्हतं. आता तोंडातून गेलं.

"तुज्या विळ्यानं माजं वाटोळं केलं! ते म्हणत्यात मीच जाळून घेतलं. भित्रा हाय म्हणत्यात मला. भगोडा!"

आई खापरांमध्ये उभी होती. ती खाली वाकली आणि सांडलेले तांदूळ ओच्यात वेचायला लागली.

"मंग तू सांगितलं न्हाईस, का आयनं केलं म्हून?"

"सांगितलं. हसले."

"मला ने," ती म्हणाली. "माज्या तोंडावर हसूं दे."

मी तिला नेणार नव्हतो. माझ्या आईने तीन साहेबांपुढे उभं राहून, मीच माझ्या पोराला जाळलं म्हणून सांगायचं, आणि त्यांनी तिच्याकडे तसं बघायचं, हे मला सहन झालं नसतं. पण जिल्ह्याच्या ठिकाणी माजी सैनिकांच्या कामाचं एक ऑफिस होतं आणि तिथे एक निवृत्त सुभेदार बसायचे. चुलत्याने मला जवळजवळ फरफटत तिकडे नेलं. सुभेदारांनी सगळं ऐकलं, कागद बघितले आणि आधी मला भरपूर शिव्या दिल्या, कॅप्टनची कॉलर धरल्याबद्दल. मग अपील लिहून दिलं. वर म्हणाले, "आईला घेऊन जा. आणि तोंड बंद ठेव. हात तर खिशातच ठेव."

दुसरा बोर्ड लागायला वर्ष गेलं. आई नवं लुगडं नेसली, भाकरी बांधून घेतल्या आणि गाठोडं काखेत मारलं. घाटात गाडीला मागून इंजिन लागलं तेव्हा तिने विचारलं, "फाशी देत्यात का रं, पोराला जाळलं म्हून?"

"येडी का काय तू?"

"दिली तर देऊं दे. कागद बदलून घे तेवढा."

या वेळी बोर्डाचा प्रमुख एक म्हातारा कर्नल होता, पंजाबकडचा, मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत. त्याने जुना कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं ते काही प्रेमाने नव्हतं. पोटरी बघितली. त्याचंही तेच मत पडलं, डाग फार सरळ आहेत. मग तो म्हणाला, तू म्हणतोस आईने केलं, बोलाव आईला.

आई आत आली. तिला हिंदी येत नव्हती आणि कर्नलला मराठी. त्याने काही विचारायच्या आत तिने गाठोडं खाली ठेवलं, सोडलं आणि भाकरीच्या फडक्यातून तो विळा बाहेर काढला.

दाराशी पहाऱ्याला उभ्या असलेल्या ऑर्डर्लीने झेप घेऊन तिचा हात पिरगाळला. आई किंचाळली. मी काय करतो आहे हे कळायच्या आत कुबडी त्याच्या नाकावर बसली होती आणि रक्त त्याच्या खाकी शर्टावर सांडत होतं. तो माझ्यावर आला, आम्ही दोघं फरशीवर पडलो, आई त्याच्या केसांना धरून ओढत होती. तेवढ्यात कर्नल गरजला, "खड़े हो जाओ! सावधान!"

आणि मी झालो. इतक्या वर्षांची सवय. रक्ताळलेल्या फरशीवरून ताडकन उठून सावधान उभा राहिलो, दोन पायांवर, कुबडीशिवाय. मग पाऊल दुमडलं आणि मी तोंडावर आपटलो. ओठ फुटला. कर्नलने मला पडताना नीट बघितलं होतं.

त्याने ऑर्डर्लीला बाहेर पाठवलं. विळा उचलून टेबलावर ठेवला. मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, आईला विचार, हिने जाळलं तर का जाळलं? आणि पाय हलला का नाही?

मी विचारलं. आई धापा टाकत होती. हात चोळत ती त्याच्याकडे बघून बोलायला लागली, जणू त्याला मराठी समजतच होती.

"त्याला लावायच्या आदी मी मला लावला. परसात, ह्यो घरी नवता तवा. आदी कळाया नको का किती लागतं ते? माजं पोर हाय. मांडीवर लावला. मी अशी वरडले का याचा चुलता धावत आला. त्याला म्हटलं इचू चावला. मंग याला लावला. ह्यो गप. मला वाटलं इळा थंड झाला. परत लाल केला, परत लावला. ह्यो नुसता शिव्या देतोय. तवा मला कळलं, पोराचा पाय मेलाय." तिचा आवाज चिरकला. "तिसऱ्यांदा म्हून लावला, का आता तरी वरडंल. यकडाव वरडला असता, तर मी इळा हिरीत टाकला असता. मला त्याला जाळायचं नवतं, साहेब. मला त्याचं वरडणं ऐकायचं व्हतं."

कर्नल माझ्याकडे बघत राहिला. हे सगळं मला त्याला हिंदीत सांगायचं होतं. मांडीवरच्या डागाबद्दल मलाही आत्ताच कळत होतं. "साब," मी म्हटलं, "इसने पहले खुद को जलाया." मी लहान पोरासारखा हुंदके देत होतो आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

आईने वेळ घालवला नाही. तिने काष्टा सोडला आणि लुगडं मांडीवर ओढायला लागली, तिथेच, तीन अधिकाऱ्यांपुढे. कर्नल झटकन उठून पाठमोरा झाला, बाकीच्या दोघांनाही त्याने पाठ फिरवायला लावली आणि सिस्टरला हाक मारली. एक मल्याळी सिस्टर आली, आईला पडद्यामागे घेऊन गेली. मी पडद्याकडे बघू शकत नव्हतो. थोड्या वेळाने सिस्टरने बाहेर येऊन कर्नलला इंग्रजीत काही सांगितलं आणि हाताने हवेत एक वेडीवाकडी रेघ काढून दाखवली. मग पडदा थोडासा बाजूला करून, आईचं सगळं अंग झाकून, फक्त तो डाग तिने कर्नलला दाखवला.

तो डाग मीही बघितला. मांडीवर विळ्याच्या रुंदीचाच, पण सुरुवातीला खोल आणि पुढे तिरका फाटत गेलेला, शेवटी कातडी गोळा झालेली. पाय ओढून घेतला होता तिने. ओढणारच. कर्नलने टेबलावरचा विळा घेतला, त्याची पाठ आधी त्या डागाशी आणि मग माझ्या पोटरीशी धरून बघितली. नंतर पोटरीत त्याने स्वतः एक जाड सुई खुपसली, मला न सांगता, मी दुसरीकडे बघत असताना. मी आईकडे बघत होतो. सुई आत गेली हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"माँ जी," तो म्हणाला, "बैठ जाइये."

एवढंच. माफी वगैरे कुणी मागितली नाही. ऑर्डर्लीचं नाक फोडल्याबद्दल मला संध्याकाळपर्यंत पहारेकऱ्यांच्या खोलीत कोंडून ठेवलं आणि मग सोडलं. विळा मात्र त्यांनी परत दिला नाही. आई गाडीत बसेपर्यंत त्यावरून बडबडत होती.

कागद आला तेव्हा पावसाळा संपून भात पिवळं पडत होतं. इंग्रजीत होता, म्हणून शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घेतला. जखम लढाईतली. जाळल्याचे डाग दुसऱ्याने दिलेले, उपचार म्हणून. पेन्शन चालू, मागचीही सगळी मिळेल. आणि कायमची. आता पुन्हा बोर्डापुढे यायची गरज नाही. मी गुरुजींच्या पाया पडलो, वाटेत वरच्या आळीतून मुद्दाम कागद उंच धरून चाललो, आणि एकाने तोंड उघडलं तर त्याचा कान धरून त्याला तो कागद वाचायला लावला. माझ्या आयुष्यात एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

आई खळ्यात सारवत होती. चुलता तिथेच बसला होता. मी ओरडतच आलो.

"आये, जिंकलो! कायमची दिली!"

"कायमची म्हंजे?"

"म्हंजे आता परत बोलवायचे नायत. तपासणी नाय, काय नाय."

"का?"

मला प्रश्नच कळला नाही. "का म्हंजे? त्यांनी मान्य केलं ना. पाय बरा व्हायचा नाय म्हून."

आई शेणाने भरलेल्या हातांनी उभी राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोन वर्षं मी सरकारशी भांडत होतो की पाय मेलाय असं लिहून द्या. आई ते ऐकत होती, माझ्याबरोबर आली, लुगडं सोडलं, सगळं केलं. पण तिच्या मनात कुठेतरी असं होतं की ते मोठे डॉक्टर आहेत, दर दोन वर्षांनी बोलावतात, म्हणजे अजून बघतायत. बघतायत म्हणजे काहीतरी शिल्लक आहे. आता त्यांनीही बघायचं सोडलं होतं, आणि तसा शिक्का मारून घेऊन मी नाचत घरी आलो होतो.

"मेला?" ती म्हणाली. "लिवून दिलं त्यांनी?"

"आये..."

तिने फाडकन माझ्या मुस्काटात मारली. मग दुसरी. मग दोन्ही मुठींनी छातीवर, खांद्यावर, मिळेल तिथे. "दोन पायांचा धाडला व्हता मी," ती ओरडत होती, "दोन पायांचा धाडला व्हता!" शेण माझ्या तोंडावर, कपड्यांवर, त्या कागदावर उडत होतं. चुलता तिला धरायला धावला.

मी आयुष्यात कुणाचा मार मुकाट खाल्ला नाही. त्या दिवशी खाल्ला. "सोड तिला, काका," मी म्हटलं. "मारूं दे."

कुबडी माझ्या हातातून केव्हाच पडली होती. मी तिच्या खांद्याला धरून कसाबसा उभा होतो आणि ती मारत होती. मला लागत होतं. प्रत्येक फटका लागत होता, आणि मी बोंबलत होतो.